साध्या अंगाईची अडतीस मिनिटं

"गाणं करायला लागतं काय? तीन कॉर्ड, चार ओळी आणि एक शांत खोली!"

मामा हे गेली तीस वर्षं सांगत होते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासताना सांगत, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना सांगत. गिऱ्हाइकाचा जुना चष्मा मामांच्या हातात, नवा अजून नाकावर नीट बसायचा. बिचारं पळून जाणार कुठे? मामांच्या सल्ल्यावर किती लोकांनी गाणी केली कुणास ठाऊक. खुद्द मामांनी मात्र आजवर एकही गाणं पुरं केलेलं नव्हतं. त्यांची गिटार कपाटावर पडून होती आणि साफसफाईच्या दिवशी मामी ती आठवणीने पुसत असत.

आणि एका सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, बाळ चार महिन्यांचं झालं, पण झोप म्हणून नाही रे! आणि मलाही नाही. काल मी कपडे धुवायच्या मशीनमध्ये साबणाऐवजी साखर घातली."

"अरे देवा! मग?"

"मग काय, कपड्यांना मुंग्या लागल्या. तू गाणी करतोस ना? मला एक अंगाई करून पाठव. मी गायला लागले की ते जास्तच रडतं."

मामांचा ऊर भरून आला. तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला न मागता थेट गाणं मागितलं होतं! (सल्ला तरी कुणी मागितला होता म्हणा!) "रविवारी दुपारी पाठवतो," ते ऐटीत म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी आधी कपाटावरची गिटार खाली काढली. गाणं जमलं नाही तर काय तोंड दाखवणार? पोरीचा एवढा भरवसा आपल्यावर!

पण खरं सांगायचं तर ओळी अगदी अलगद आल्या. दुपारी दुकानात सामसूम असताना भिंगाच्या पाकिटावर मामांनी लिहिलं:

खिडकी झोपली, पडदा झोपला,
चप्पल झोपली दारात,
तूच एकटा जागा राजा
साऱ्या साऱ्या घरात.

मामा पाकिटाकडे किती तरी वेळ बघत बसले. आपल्या हातून हे झालं, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

रविवारी जेवणं उरकली आणि मामांनी फर्मान काढलं, "खोली मेली पाहिजे!"

"अहो, सुट्टीच्या दिवशी काय अभद्र बोलता?" मामी दचकल्या.

"अगं, म्हणजे आवाज घुमता कामा नये!"

घरातल्या चारही गाद्या भिंतींना उभ्या राहिल्या. खिडकीवर पिवळी रजई चढली. पंखा बंद, फ्रिज बंद. घड्याळाची टिकटिक फार, म्हणून त्याला टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात पाठवलं. सगळं चिडीचूप झालं आणि डोक्यावरून आवाज आला. थप, थप, थप!

वर निवृत्त पोस्टमास्तर राहत. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं आणि ते घरातल्या घरात चालत. मामा वर गेले.

"मास्तर, तासभर बसाल का?"

"कुठे?"

"आमच्याकडे. तुम्ही घरी बसलात तर पुन्हा उठाल!"

पोस्टमास्तर आले आणि उभ्या गादीला टेकून बसले. मामींच्या हातात तांदूळ भरलेली डबी आली. ती तालात हलवायची होती. मध्ये स्टुलावर दुकानातलं प्लास्टिकचं डोकं ठेवलं होतं, चष्मे लावून दाखवायचं. त्याच्या तोंडाशी मामांनी फोन बांधला.

"नियम पहिला! माइकला गायचं नाही, माणसाला गायचं."

"मग या टकलूला का गाताय?" मामी म्हणाल्या.

"नियम दुसरा! रेकॉर्डिंगचं बटण आधीच दाबून ठेवायचं. म्हणजे गाणाऱ्याची भीती मोडते." मामांनी बटण दाबलं. "आता डबी कशी हलवायची, ते सांगतो."

आणि मामा सांगू लागले. डबी मनगटातून हलवावी, कोपरातून नाही. गिटार पोटाशी धरावी, पण पोट तिला लागू नये. शब्द असे घ्यावेत की जे आपण बोलतानाही बोलू. माणसांच्या नाकाशी नाक लावून काम करण्यात त्यांचा जन्म गेलेला. नाकावर फ्रेम बसवताना कुणी ओरडत नाही. त्यामुळे मामांचं बोलणं हळू, एका पट्टीतलं आणि कानाजवळचं. रजईतून गाळून आलेला पिवळा उजेड खोलीत तरंगत होता. बाहेरचं जग जणू कुणीतरी घडी करून कपाटात ठेवलं होतं. मामा कॉर्डवरून तारांवर आले, तारांवरून लाकडावर, लाकडावरून कुठल्याशा झाडावर. डबीतले तांदूळ खुळखुळत होते, मग अधूनमधून खुळखुळू लागले, मग थांबले.

"आणि नियम शेवटचा. डोळे मिटून गायचं, बेंबीच्या देठापासून!"

मामांनी डोळे मिटले आणि ते गायले. चुकले नाहीत, थांबले नाहीत. शेवटचा सूर विरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, तर मामी डबी उराशी धरून गाढ झोपलेल्या! पोस्टमास्तरांची मान खांद्यावर, तोंड उघडं. मामांचे डोळे पाणावले. आपल्या गाण्यात एवढी ताकद! आज जन्माचं सार्थक झालं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

साध्या गाण्यात कापाकापी करायची नाही आणि स्वतःचं गाणं स्वतः ऐकायचं नाही, उगाच शंका येते, हेही मामांचेच नियम. तेव्हा बटण दाबल्यापासूनचं सगळं रेकॉर्डिंग, जसंच्या तसं, भाचीकडे रवाना झालं. फ्रिजमधलं पाणी तोवर स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीकडे निघालं होतं, पण आज त्याचं कुणाला काय!

संध्याकाळी निरोप आला. "मामा, झोपलं! आणि मीही झोपले. चार तास! तू जादूगार आहेस!"

मग काय विचारता! मामांना आकाश ठेंगणं झालं. सोमवारी दुकानात चष्मा एकीकडे आणि अंगाईची कथा दुसरीकडे. एकाचा डावा नंबर त्यांनी उजवीकडे बसवला, तर म्हणाले, "झोप लागल्यावर काय फरक पडतो?" मंगळवारी तर त्यांनी दुसऱ्या गाण्यासाठी पाकीटही काढून ठेवलं.

बुधवारी दुपारी मामा जेवायला घरी आले होते, तेव्हा भाचीचा फोन आला. मामांनी मामींनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"मामा, रागावू नकोस हं. रोज दहाव्या मिनिटाला बाळ झोपतं. मग मी रेकॉर्डिंग बंद करून झोपते. आज मात्र मलाही लगेच झोप लागली आणि ते चालूच राहिलं. अडतिसाव्या मिनिटाला तू एकदम ओरडलास!"

"ओरडलो?"

"तूच एकटा जागा राजा, म्हणून! बाळ जे दचकलं, ते अजून रडतंय. शेजारचं बाळही उठलं. मला काय माहीत शेवटी गाणं आहे! मला वाटलं, तू गाण्याऐवजी हे काहीतरी नवीनच केलंस."

मामींनी पदर तोंडाला लावला.

"मामा, ते तारांचं आणि झाडाचं आहे ना, तसलं आणखी तासभर करून देशील? फक्त गाणं तेवढं नको घालूस. प्लीज! तू बोलायला लागलास ना, की लहानपणी तुझ्या दुकानात तुझ्या मांडीवर झोपायचे, तसंच वाटतं रे."

मामांनी फोन ठेवला. पाकिटाकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, भुवया वर गेल्या, खाली आल्या. मग त्यांनी एक गादी भिंतीला उभी केली, दुसरी केली, रजई चढवली.

मामींनी उशी आणली आणि टकलूच्या शेजारी ऐसपैस आडव्या झाल्या.

"या वेळी माइक कुठे ठेवायचा, ते सांगा," त्या डोळे मिटत म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, दर वेळी मध्येच डोळा लागतो. त्याचा शेवट मला अजून कळलेला नाही."