सत्यप्रतिज्ञेवर अभिप्राय

‘पन्नासाव्या पानापर्यंत गुन्हेगार ओळखला नाही, तर माझं नाव बदला!’

अशी पैज टायपिस्टबाईंनी भर वाचनालयात, ग्रंथपालांच्या टेबलावर थाप मारून लावली आणि ग्रंथपालांच्या चहाची बशी खणकन वाजली. नाव बदलायला कुणाची हरकत नव्हती, कारण ते मुळात कुणाला ठाऊकच नव्हतं. कोर्टासमोरच्या इमारतीत, जिन्याखालच्या कोनाड्यात सव्वीस वर्षं टेबल टाकून बसलेली बाई, ती टायपिस्टबाई. वकिलांची, अशिलांची, जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्यांचीच. आधी टाइपरायटर होता, आता संगणक आला. पण बाई बटणं अजून अशी बडवतात, जसं काही प्रत्येक अक्षराने त्यांचं घोडं मारलंय!

पैज होती एका कादंबरीवर. चारशे बारा पानं, मुखपृष्ठावर न्यायाधीशाचा हातोडा आणि त्याखाली तडा गेलेली एका कुटुंबाची तसबीर. गोष्ट अशी, की एका बड्या घरातली म्हातारी आई मागच्या खोलीतून एके दिवशी नाहीशी होते, मुलावर खटला उभा राहतो, आणि त्याला पिंजऱ्यात उभं करणारी कोण? तर त्याचीच सख्खी बहीण! या पुस्तकाने वाचनालयात नुसता उच्छाद मांडला होता. तेवीस माणसं नंबर लावून बसलेली. त्यात इथला नियम मोठा कडक: पुस्तक परत केलं की अभिप्राय लिहून फळ्यावर टाचायचा. अभिप्राय नाही, तर पुढचं पुस्तक नाही.

फळा भरून वाहत होता. शिंपीमामांनी लिहिलं होतं, ‘सून निर्दोष आहे. मुलाला फाशी द्या. पान तीनशेनंतर वाचलेले नाही.’ दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, ‘न्यायाधीश दीडशे पानं दातओठ खातात. एवढ्याने दाढा झिजतात. लेखकाचा अभ्यास कमी.’ निवृत्त मुख्याध्यापकांनी फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या, एकशे चार. आणि एका कोपऱ्यात कुणीतरी थरथरत्या अक्षरात, सही न करता लिहिलं होतं, ‘माझ्या मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये. त्यांना नवीन काही सुचेल.’

बाईंनी कादंबरी दोन दिवसांत फस्त केली. गुन्हेगार पन्नासाव्या कशाला, एकोणचाळिसाव्या पानावरच ओळखला. मुलगाच, दुसरं कोण! आणि त्या मुलीसाठी तर त्यांनी दोन रुमाल भिजवले. काय ती लेक! आईसाठी सख्ख्या भावाशी झुंजणारी! बाई तिच्या जागी स्वतःलाच पाहू लागल्या. त्यांची स्वतःची आईसुद्धा धाकट्या भावाकडेच असते, बाईंचे यजमान गेल्यापासून त्यांच्या दोन खोल्यांत एकीला कुलूपच आहे, आणि आईला शेवटचं भेटून अकरा महिने उलटलेत, हे मात्र त्या वेळी त्यांना आठवलं नाही. पुस्तक फारच रंगलं होतं हो!

आता अभिप्राय लिहायला बसल्या, तर इथेच घोटाळा झाला. सव्वीस वर्षं ज्या बोटांनी प्रतिज्ञापत्रांखेरीज काही उमटवलं नाही, ती बोटं दुसरं काय उमटवणार? मोठा लांब कागद लावला आणि सुरू! ‘मी खाली सही करणार, धंदा टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर इसमाने आपल्या वृद्ध आईस मागील खोलीत ठेवले. सदर खोलीस बाहेरून कडी लावली जात असे. सदर आईचा चष्मा मोडला असता सात महिने दुरुस्त करून दिला नाही, जेणेकरून तिला कागद वाचता येऊ नयेत. याउलट सदर बहिणीचे वर्तन सर्वस्वी निष्कलंक व आदर्श आहे. सबब सदर इसमास कडक शासन व्हावे.’ परिच्छेदांना एक ते सात आकडे. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. वर सवयीने ‘खरी प्रत’ असा शिक्काही हाणला! फक्त कादंबरीचं नाव घालायचं राहिलं. प्रतिज्ञापत्रात कादंबरीचं नाव कुठे असतं?

अभिप्रायाच्या फळ्यावर बोटभर जागा नव्हती. ग्रंथपालांनी तो कागद शेजारच्या सूचनाफलकावर, ‘स्वच्छतागृह दोन दिवस बंद राहील’ याच्या खाली टाचला.

आणि त्याच दिवशी तिथे कोण यावं? बाईंची भावजय! ही बया वाचनालयात येते ती मासिकांतली विणकामाची चित्रं बघायला. स्वच्छतागृह बंद आहे का ते बघायला गेली आणि खाली नणंदेचं नाव दिसलं. मग कडी दिसली. मग चष्मा दिसला. तिथेच भिंतीला टेकली. मोबाइलने फोटो काढला आणि नवऱ्याला धाडला. सोबत एकच ओळ: ‘वन्सं कोर्टात गेल्या!’

*

पुढच्या मंगळवारी तारीखवाले वकील जिन्याखाली आले. त्यांचं हे नाव पडण्याचं कारण, त्यांचा एकही खटला आजवर निकालाला पोचलेला नाही. ते फक्त पुढची तारीख घेतात. बाईंकडे अठरा वर्षं येताहेत.

‘बाई, हे आधी घ्या. फार तातडीचं आहे. अशील भेदरलाय.’

‘कसलं आहे?’

‘कैफियत. अजून दावा हातात आलेला नाही, नुसता एका कागदाचा फोटो आलाय, पण बहीण टपलीय म्हणे. म्हटलं, ती मारायच्या आधी आपण उत्तर देऊन ठेवू. भावाबहिणीचं प्रकरण आहे, लवकर मिटायचं नाही.’ वकिलांच्या चेहऱ्यावर पहिलं नातवंड झाल्यासारखा आनंद होता.

आता बाईंची कामाची एक रीत होती. आधी मजकूर टाइप करायचा आणि नावं सगळ्यात शेवटी घालायची, कारण वकील लोक नावं शेवटपर्यंत बदलतात. वकिलांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून घरी गेल्यासारखं. ते वाचणारी पंचक्रोशीत एकच बाई. सुरू झाल्या टकाटक!

‘परिच्छेद एक ते तीनमधील मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. परिच्छेद चारबाबत: कडी लावली जाते हे खरे आहे, परंतु ती फक्त आम्ही उभयता बाहेर जातो तेव्हाच, व आई स्वतःच्या भल्यासाठी आत राहते.’

‘अगं बाई!’ बाई थबकल्या. ‘वकीलसाहेब, हुबेहूब त्या कादंबरीसारखं हो! काय लिहितो बघा तो लेखक! घरोघरी हेच चाललंय!’

‘बाई, टायपा.’

‘परिच्छेद पाचबाबत: चष्मा मोडला हे खरे आहे, परंतु सात महिन्यांपूर्वी नव्हे, पाच महिन्यांपूर्वी.’

‘हा तुमचा अशील अगदीच ढ आहे!’ बाई बडवता बडवता म्हणाल्या. ‘न विचारलेलं कबूल करतोय. म्हणे सात नव्हे, पाच! म्हातारी पाच महिने भिंती चाचपडतेय, आणि हा महिने मोजतोय! कसल्या कसल्या घरात म्हाताऱ्या अडकून पडतात!’

‘त्याचं सोडा, सात नंबर बघा. तिथे बहिणीला धरलीय.’

‘परिच्छेद सातबाबत: बहिणीचे वर्तन आदर्श असल्याचे म्हणणे हास्यास्पद आहे. तिच्याकडे रिकामी खोली असूनही तिने आईस कधी चार दिवस नेले नाही. गेले अकरा महिने ती आईस भेटलेली नाही.’

‘असतात हो अशा!’ बाईंना स्फुरण चढलं. ‘माझ्या टेबलावर रोज येतात. आईसाठी टाहो फोडायचा कागदावर, आणि आईला बघायला जायचं तर पाय मोडतात! पण वकीलसाहेब, तुमचं वाक्य मिळमिळीत आहे. भेटलेली नाही, यात काय दम आहे? घाला की: जाणूनबुजून भेटलेली नाही. आणि पुढे: तिला आई नको असून केवळ आईच्या नावाने मिळणारा मोठेपणा हवा आहे. कसं?’

‘वा!’ वकील टेबलावर वाकले. ‘बाई, तुम्ही काळा कोट घालायला हवा होता! टाका!’

बाईंनी टाकलं. एवढं ठासून, की ‘मोठेपणा’वर एक बटण अडकून बसलं. मग त्यांनी समाधानाने बोटं मोडली आणि हात पुढे केला. ‘आणा नावं.’

वकिलांनी चिठ्ठी दिली. प्रतिवादी: भावाचं नाव. आडनाव बाईंच्या माहेरचं. असेल बाई कुणी त्याच नावाचा, म्हणून त्यांनी तेही टाइप केलं. वादी... बोटं तीन अक्षरं चालली आणि थांबली. त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांच्याच घराचा नंबर होता. कुलूप घातलेली खोली धरून.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जिन्याखाली शांतता झाली. वरून एक शिपाई वाकून बघून गेला, बाई गेल्या की काय म्हणून.

‘काय झालं? अक्षर लागत नाही का?’

‘वकीलसाहेब, ही बहीण... मी आहे.’

वकिलांनी चिठ्ठी बघितली, बाईंकडे बघितलं. ‘तुम्हाला नावही आहे?’ ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘मग बरंच झालं की! पोचपावतीवर इथेच सही करा. टपालाचा फेरा वाचला!’

*

भाऊ चार दिवस रजा टाकून घरी होता. डोक्यावर ओला रुमाल, समोर मोबाइलमधला तो फोटो. बहीण दारात दिसली तसा तो खुर्चीमागे सरकला.

‘ताई, बोलायचं असेल ते वकिलांशी बोल!’

‘अरे गाढवा, ती कादंबरी आहे!’

‘काय?’

‘कादंबरी! पुस्तक! तुझ्यावर कोण लिहितंय? अभिप्राय होता तो वाचनालयातला. विचार तुझ्या बायकोला, शेजारचा फळा सगळा त्याच पुस्तकाने भरलाय!’

भावजय पडद्याआडून बाहेर आली. ‘मी म्हटलंच होतं यांना, वन्संना आधी विचारा म्हणून.’

‘तू म्हणालीस? तू म्हणालीस, आता आपल्याला बेड्या पडणार!’

‘म्हणजे... तुझा दावाबिवा काहीच नाही?’ भावाने रुमाल काढला. सुटल्यासारखं हसू त्याच्या तोंडावर पसरायला लागलं होतं. ‘बापरे ताई! चार दिवस झोप नाही गं! म्हणजे तुला यातलं काहीच माहीत नव्हतं!’

‘काहीच नव्हतं,’ बाई म्हणाल्या. ‘मी पुस्तकातल्या कडीबद्दल लिहिलं. तू आपल्या कडीचं उत्तर का दिलंस?’

हसू जिथे होतं तिथेच राहिलं. भावजयीने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

‘एकदा गॅस चालू राहिला होता तिच्याकडून,’ भाऊ म्हणाला. ‘मग काय करायचं? तू सांग ना. तू कधी आलीस सांगायला? अकरा महिने!’

‘वाचलंय मी. टाइपही मीच केलंय.’

‘वकील म्हणाले, सातवा परिच्छेद जबरदस्त झालाय,’ भाऊ पुटपुटला.

‘होणारच,’ बाई म्हणाल्या, ‘त्यातलं चांगलं वाक्य माझं आहे.’

तिघंही मागच्या खोलीशी गेली. कडी आत्ता लावलेली नव्हती, पण दार लोटलेलं होतं. आई पलंगाच्या कडेला, चेहरा दाराकडे करून बसली होती. कुणाचेही पाय वाजले की ती अशी बसते, असं भावजय मागून हळूच म्हणाली.

‘कोण आहे?’

‘मी गं आई.’

‘मी म्हणजे कोण? आवाज ओळखीचा वाटतोय. फार दिवसांनी आलेला दिसतोय.’

आणि इथे टायपिस्टबाईंच्या अंगात ती कादंबरीतली लेक संचारली. दोन पावलं पुढे होऊन, हात पसरून त्या म्हणाल्या, ‘आई, चल! माझ्या घरी चल! आजच्या आज! कायमची!’

काय वाक्य होतं! चारशे बाराव्या पानावरसुद्धा असं नव्हतं! आता भाऊ हंबरडा फोडेल, पाय धरेल, नको नेऊस म्हणेल, म्हणून बाई तयारीत उभ्या राहिल्या. पण मागे वळून बघतात तर भाऊ स्टुलावर चढून कपाटावरची बॅग काढतोय! भावजयीने दोरीवरून चार लुगडी ओढली, औषधांचा डबा, कानटोपी, उशी... दहा मिनिटांत बॅगेची चेन लागली. या घरातलं एकही काम इतक्या लवकर झालेलं नव्हतं. भावजयीने तर वर एक जाडजूड चादरही ठेवली. ‘असू द्या वन्सं, तुमच्याकडे गारठा असतो.’

बाईंनी ती चादर हळूच बाजूला ठेवली. कायमची? आपण कायमची म्हणालो? सकाळी नऊला टेबल, सातला परत. दिवसभर आईजवळ कोण? गॅस? त्या रिकाम्या खोलीत सव्वीस वर्षांचे कागद भरलेत...

‘म्हणजे, तसं आजच्या आज असं काही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खोली जरा झाडून घेते...’

‘छे छे, ताई, शुभस्य शीघ्रम्!’ भावाने बॅग दाराशी नेऊन ठेवली.

‘अरे, पण तिला इथली सवय आहे!’

‘लागते गं सवय!’

‘तूच म्हणाला होतास ना, ती स्वतःच्या भल्यासाठी राहते म्हणून? लिहून दिलंयस!’

‘आणि तूच लिहिलंयस, निष्कलंक आणि आदर्श!’

बॅग दाराच्या आत-बाहेर चारदा झाली. कुणी लोटायचं, कुणी ओढायचं. पलंगावरून काठी आपटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे दोघं गप्प झाली.

‘झालं?’ आई म्हणाली. ‘की अजून आहे? मला कुणी काही विचारणार आहे का?’

‘तूच सांग आई,’ भाऊ अजिजीने म्हणाला. ‘कुणाकडे राहतेस?’

आईने दोघांच्या दिशेने बघितलं. दोघांच्या दिशेने म्हणजे त्यांच्या मधल्या दाराच्या चौकटीकडे. तिला तेवढंच दिसत असावं.

‘आधी माझा चष्मा करून आणा,’ ती म्हणाली. ‘दोघांची तोंडं एकदा नीट बघते. मग सांगते.’

दोघंही धावत सुटली हो! भावाच्या हातात मोडका चष्मा, बाईंच्या हातात रिकामं पाकीट चष्म्याचं. जिन्यात एकमेकांना मागे टाकत, रस्ता ओलांडताना एकमेकांना ‘सांभाळ!’ म्हणत, घामाघूम होऊन चष्मेवाल्याच्या काचेच्या टेबलापाशी पोचली.

‘तातडीचं आहे!’ बाई धापा टाकत म्हणाल्या. ‘आमच्या आईचा आहे!’

‘एका क्षणाचाही उशीर नको!’ भाऊ म्हणाला.

चष्मेवाल्याने काच उजेडात धरली, पुसली, परत धरली. ‘हा नंबर जवळ नसतो ताई. काच मागवावी लागेल. आठ दिवस तरी लागतील.’

‘आठ दिवस!’ दोघं एकदमच ओरडली.

आणि मंडळी, आता खोटं कशाला बोलू, सत्यप्रतिज्ञेवर नसलं म्हणून काय झालं? ओरडून झाल्यावर भावाबहिणीने एकमेकांकडे बघितलं, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं कशावर तरी एकमत झालं.

‘घाई नाही,’ टायपिस्टबाई म्हणाल्या. ‘सावकाश करा.’