बावीस पिवळे लंगोट

बाळाने पाचवा लंगोट ओला केला तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. सूनबाईने तो सोडला, बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनीच सगळे लंगोट बादलीतल्या गरम पाण्यात भिजत घातले. गेल्या तीन महिन्यांत तिला सलग दोन तासांची झोप मिळाली नव्हती. बादलीच्या तळाशी आधीच काहीतरी पडलेलं तिला दिसलं होतं. पण दिसणं आणि कळणं यांच्यात सध्या तिचं बरंच अंतर पडायचं.

अर्ध्या तासाने ती धुवायला बसली, तर पाणी पिवळं. लंगोटही पिवळे. एक नाही, दोन नाही, बावीसच्या बावीस. आणि तळातून निघाला सासूबाईंचा नवाकोरा परकर.

"आई, हा परकर इथे कसा आला?"

"मीच टाकला. म्हटलं, घालायच्या आधी एकदा पाण्यातून काढावा."

"अहो, रंग गेला की त्याचा सगळा!"

"जातोय कुठे? लंगोटांवर आहे ना," सासूबाई म्हणाल्या आणि बाळाला खेळवू लागल्या.

एरवी यात काही बिघडलं नसतं. पण मतदान चार दिवसांवर आलं होतं, आणि त्या गावात पिवळा हा रंग नसून गुन्हा होता.

गाव जांभळ्या पक्षाचं. गावच कशाला, आसपासची चाळीस गावं जांभळी. दूध केंद्र जांभळं, पतपेढी जांभळी, शाळेचं फाटकसुद्धा दर निवडणुकीआधी जांभळ्या रंगाचा नवा हात मारून घ्यायचं. पिवळ्या पक्षाचा उमेदवार दर वेळी उभा राहायचा, पण या बाजूला फिरकायचा नाही, कारण त्याला इकडे यायला कुणी जीप भाड्याने देत नसे. मागच्या वेळी गावात सहाशे चाळीस मतं पडली. त्यातली पिवळ्याला नऊ. हे नऊ जण कोण, यावर गावात पाच वर्षं चर्चा चालली होती.

त्या नवांपैकी एक कोण हे फक्त सूनबाईला ठाऊक होतं. ती स्वतः. लग्न होऊन आली तेव्हा गावच्या दवाखान्याचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. फीत कापली, फोटो निघाले, आणि पाहुणे गेल्यावर दाराला जे कुलूप लागलं ते आजही होतं. तिने त्याच वर्षी मुकाट्याने पिवळं बटण दाबलं. कुलूप काही त्याने उघडलं नाही. तीन महिन्यांपूर्वी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा नवऱ्याने तिला दुधाच्या टेम्पोत घातलं, आणि बाळ शहराच्या अलीकडे चार मैलांवर, कॅनच्या दोन रांगांमध्ये जन्माला आलं.

बाळाच्या अंगावर पुरळ होतं. 'कडक उन्हात वाळलेलेच लंगोट वापरा,' असं शहरातल्या नर्सने बजावलं होतं. आणि दोन खोल्यांच्या त्या घरात ऊन यायचं ते फक्त रस्त्यावरच्या ओट्यावर. म्हणून सूनबाईने दोरी बांधली, चिमटे लावले, आणि पंधरा फूट लांबीवर बावीस पिवळे लंगोट वाऱ्यावर फडफडायला लागले.

साडेदहाला अध्यक्ष आले. हे गावातल्या पक्षाचे अध्यक्ष, दूध केंद्राचेही अध्यक्ष, आणि जिथे म्हणून अध्यक्ष लागतो तिथले अध्यक्ष.

"सूनबाई, हे काय आहे?"

"लंगोट."

"ते दिसतंय मला. पिवळे कशाने?"

"परकराचा रंग लागला."

कोणाच्या परकराचा, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तसं त्यांनी ते मिटलं. "काढा ते आधी. चार वाजता मिरवणूक याच रस्त्याने जाणार आहे. मी साहेबांना शब्द दिलाय, यंदा आमच्या गावात नऊसुद्धा नाहीत. शून्य! आणि पहिल्याच घरावर बावीस?"

"वाळले की काढते."

"वाळायचं सोडा. आत्ता काढा."

 मनात काही नसतं, तर सूनबाईने हसत हसत दोरी मोकळी केली असती. पण आता काढले तर आपणच कबुली दिल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. शिवाय आतून रडण्याचा आवाज आला. बाळाचं फडकंही ओलं झालं होतं, सहावं.

"मग बाळाने घालायचं काय?" ती म्हणाली.

"कापडच हवं ना तुम्हाला? पाठवतो. आणि तुमचा नवरा केंद्रावर फॅट तपासतो, हे जरा लक्षात असू द्या."

तासाभरात नवराच घामाघूम होऊन सायकलवरून आला. कॅरिअरला गठ्ठा. "हे घे. पन्नास आहेत. मऊ आहेत. ते पिवळे काढ बाई, नाहीतर माझी नोकरी जाते."

सासूबाईंनी गठ्ठा सोडला. प्रचाराचे जांभळे रुमाल होते, आणि प्रत्येकावर मधोमध उमेदवारसाहेबांचा हात जोडलेला हसरा चेहरा.

"बाळाला हे?" सूनबाई म्हणाली.

"कापड चांगलं आहे," सासूबाईंनी रुमाल गालाला लावून पाहिला, त्रिकोणी घडी घातली आणि नातवाला बांधला. साहेब बरोबर मागच्या बाजूला आले. बाळाने हे नवं वस्त्र पाच मिनिटं अंगावर वागवलं आणि मग, आधीच्या सहा वेळी जे केलं नव्हतं, ते मनापासून केलं.

बाराला अध्यक्ष पाहणी करायला परत आले. पिवळे अजून ओलेच असल्याने होते तिथे होते, आणि त्यांच्या मधोमध, नुकताच धुतलेला, साहेबांचा चेहरा लटकत होता. धुऊनही साहेबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंतचा डाग गेला नव्हता.

"हे काय केलंत!" अध्यक्षांचा आवाज चिरकला.

"मी नाही. बाळाने," सूनबाई म्हणाली.

"साहेबांच्या तोंडावर?"

"तुम्हीच पाठवलेत. आणखी एकोणपन्नास आहेत. संध्याकाळपर्यंत निम्मे तरी होतील. मग चार वाजता मिरवणुकीला काय दिसू दे ते तुम्ही सांगा. पिवळे लंगोट, की साहेब?"

अध्यक्ष विचारात पडले. हा प्रश्न त्यांना तीस वर्षांच्या राजकारणात कुणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनी स्वतः वर चढून तो ओला रुमाल काढला, उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि सगळा राग नवऱ्यावर काढला. "तू काढ ते. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून केंद्रावर येऊ नकोस."

नवरा स्टुलावर चढला. एक चिमटा काढला, दुसरा काढला.  सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन नुसती बघत राहिली. सातवा लंगोट हातात आला तेव्हा तो वाळलेला होता. उन्हाने उबदार झालेला. एवढंसं ते कापड हातात घेऊन नवरा थांबला. टेम्पोत त्या दिवशी बाळाला गुंडाळायला काही नव्हतं, तेव्हा त्याने अंगातला शर्ट काढून दिला होता.

"अध्यक्ष," तो खाली न उतरताच म्हणाला, "मी जांभळा माणूस आहे. पाच वेळा मत दिलंय, सहाव्यांदा पण देईन. पण लंगोट पिवळेच राहतील."

आणि त्याने एकेक करून सातही परत लावले. सातव्याला तर दोन चिमटे लावले.

"उद्या केंद्रावर यायचं नाही," अध्यक्ष फणकारले.

"नाही येत. ते फॅटचं यंत्र फक्त मलाच चालवता येतं. तुम्ही बघा."

अध्यक्ष गेले, पण बातमी त्यांच्या आधी गावभर पोचली होती. पिवळ्यांपैकी एकाने उघड डोकं वर काढलं, आणि तेही बावीस लंगोटांनिशी!

दोन वाजता मागच्या दाराला कडी वाजली. गुरुजी उभे होते. अठ्ठावन्न वर्षांचे, लग्न न केलेले, शाळेत गणित शिकवणारे. त्यांनी आधी गल्लीत पाहिलं, मग आत पाहिलं, मग कुजबुजले, "हिंमत केलीत, सूनबाई. मला वाटायचं, मी एकटाच आहे."

"एकटे कसे, गुरुजी? नऊ होते ना?"

"बाकीचे आठ यंत्राने चुकून मोजले असतील असं वाटायचं हो."

त्यांच्यामागून शिंपी आला. चाळीस गावांचे जांभळे झेंडे तोच शिवायचा. "दोन महिने जांभळं शिवतोय," तो म्हणाला. "भात वाढून घेतला तर तो जांभळा दिसतो. निदान बटण तरी वेगळं नको का?" मग पोस्टमन आला. मग एकेक करत आणखी. प्रत्येक जण मागच्या दाराने यायचा, आत बसलेल्यांना बघून दचकायचा, आणि म्हणायचा, "तुम्ही पण?"

तीन वाजता गुरुजींनी मोजदाद केली. "सूनबाई धरून अकरा. पण मतं नऊच होती."

"मागच्या वेळी माझा हात थरथरला," शिंप्याने मान खाली घातली. "जांभळ्यावरच पडला."

"तरी दहा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा पोस्टमन खाकरला. "मी त्या दिवशी टपाल घेऊन शहरात होतो. मत दिलंच नाही. पण मनातून पिवळाच."

"मग नऊ जमले," गुरुजी म्हणाले.

"नाही जमले," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला धरलंत का?"

सूनबाईच्या हातातला खुळखुळा खाली पडला. पाच वर्षं एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या दोघी.

"आई! तुम्ही?"

"वीस वर्षं. झेंडा लावता येत नाही, बोलता येत नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी वर लुगडं कुठलंही असलं, तरी आत पिवळा परकर. जुना विरला होता, नवा आणला." त्या बाहेर आल्या. "तो रंग सोडेल असं वाटलं नव्हतं हो. महागातला आहे."

"मग आता दहा झाले," गुरुजी डोकं खाजवत म्हणाले. "आपल्यातलं कोणीतरी खोटं बोलतंय."

"बोलू दे," सासूबाई म्हणाल्या. "खोटं बोलून जो पिवळा होतोय, त्याला बसू दे."

मग शिंप्याला सुचलं. झेंडा लावला तर अध्यक्ष काढायला लावतील. पण धुणं वाळत घालायला कोणाची परवानगी लागते? "सूनबाई, एखादा मिळेल का?"

सूनबाईने हिशोब केला, तो फक्त बाळाच्या सवयींचा. "दहा मला ठेवा. बारा न्या. पण उद्या सकाळी परत पाहिजेत. आणि इस्त्री करू नका, त्याला चालत नाही."

लांबच्या घरांत लंगोट पोचवायचं काम पोस्टमनने घेतलं. निघताना त्याने बारांतलाच एक जादाचा मागून घेतला. "एका ठिकाणी मागणी आहे," एवढंच म्हणाला.

चारला मिरवणूक निघाली. साहेब जीपमध्ये उभे, शेजारी अध्यक्ष. पहिल्या घरासमोर साहेबांनी दोरीवरच्या दहा लंगोटांकडे पाहिलं. सूनबाई बाळाला घेऊन ओट्यावर ताठ उभी होती. शेजारी सासूबाई, त्यांच्या शेजारी नवरा.

"हे काय, अध्यक्ष?"

"लंगोट, साहेब. लहान बाळ आहे घरात."

पुढे पोस्टमनच्या खिडकीत एक. शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर, जांभळ्या झेंड्यांच्या गठ्ठ्याशेजारी, एक.

"वा! बरीच बाळं झाली गावात."

"हो, साहेब."

गुरुजींच्या अंगणात दोन होते. गुरुजी स्वतः खुर्ची टाकून शेजारी पेपर वाचत बसले होते.

"यांच्याकडे पण?"

"जुळी," अध्यक्ष दातओठ खात म्हणाले.

मिरवणूक वळून अध्यक्षांच्या घरासमोर आली. इथे हार घालायचे होते, चहा होता, फोटोवाला तयार होता. आणि वरच्या सज्ज्यावर, जांभळ्या तोरणाच्या बरोबर मधोमध, एक पिवळा लंगोट वाळत होता. त्याच्या मागे अध्यक्षांची ऐंशी वर्षांची आई काठी टेकून उभी होती.

"अरे वा!" साहेबांनी अध्यक्षांच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्याकडे पण बाळ? कळवलं नाहीत!"

 वरून आईच बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आहे ना बाळ. साठ वर्षांचं आहे. दवाखान्याची किल्ली खिशात घालून फिरतं. अजून वळण लागलेलं नाही."

निकाल लागला. जांभळा जिंकला, तो जिंकणारच होता. पण त्या गावात पिवळ्याला नऊच्या जागी सत्तेचाळीस मतं पडली, आणि हे सत्तेचाळीस कोण, याची चर्चा करायला लोक आता दार लावून घेईनासे झाले. फॅटचं यंत्र तीन दिवस बंद राहिल्यावर नवऱ्याला केंद्रावरून बोलावणं आलं. दवाखान्याचं कुलूप अजून निघालेलं नव्हतं. पण अध्यक्षांच्या सज्ज्यावर रोज सकाळी काहीतरी पिवळं वाळत असायचं.

बारा लंगोट अकरा घरांतून परत आले. गुरुजींनी त्यांच्या दोघांना इस्त्री केली होती.

महिनाभर रोज धुऊन धुऊन लंगोटांचा रंग उतरत गेला. एका सकाळी सूनबाईने एक उजेडात धरून पाहिला. जवळजवळ पांढरा झाला होता. तिने सगळे गरम पाण्यात टाकले आणि बाळाला पाजायला बसली.

सासूबाई उठल्या. आत जाऊन परकर घेऊन आल्या आणि हलकेच बादलीत सोडला.