हिरव्या पडद्याचं कौतुक

ज्या घरातली मुलगी परदेशात राहते, त्या घरात कोणी आजारी पडत नाही. वैद्यकशास्त्राने या गोष्टीची अजून दखल घेतलेली नाही. पण मोशीपासून चाकणपर्यंत कुठल्याही गावात चौकशी केली, तर हवे तेवढे पुरावे मिळतील. मुलगी विमानात बसली की आईवडिलांचा रक्तदाब खाली येतो, गुडघे वळू लागतात आणि साखर आपली पायरी ओळखून वागते. निदान फोनवर तरी.

या नियमाप्रमाणे माझी आई शालनबाई अकरा वर्षं ठणठणीत होती. बाराव्या वर्षी, एका बुधवारी, ती गेली. मंगळवारी आम्ही नेहमीसारख्या बोललो होतो. मंगळवारीही तिची तब्येत उत्तमच होती.

मी क्वालालंपूरला राहते. चाकणचा औद्योगिक पट्टा गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवतो, तसेच अधूनमधून नवरेही पाठवतो. माझा नवरा अशाच एका खेपेत गेला, आणि वाटेत आदळआपट होऊ नये म्हणून खोक्यात पेंढा भरतात तशा त्याच्यासोबत मी आणि माझी मुलगी हर्षाली गेलो. तिथल्या सरकारी कागदांवर माझा हुद्दा ‘अवलंबित’ असा आहे. मी घरी बसून वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी लेख लिहिते. याला फ्रीलान्स म्हणतात. या कामाला ऑफिस नसतं, साहेब नसतो आणि सुट्टी नसते. नातेवाइकांच्या मते ते कामही नसतं. आमच्या सोजराबाई आत्यांना मी एकदा ते तपशिलात समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “म्हंजी घरीच असती म्हन की.”

विषुववृत्ताजवळचं आयुष्य हेवा करण्यासारखं असतं. वर्षभर एकच ऋतू असल्यामुळे कपड्यांचा विचार करावा लागत नाही आणि किती वर्षं झाली याचाही पत्ता लागत नाही. चामड्याच्या चपला आठवडाभर घातल्या नाहीत तर त्यांच्यावर बुरशी उगवते. (घरात झाडं लावायची हौस अशी आपोआप भागते.) शाळेच्या फाटकाशी सगळ्या आया एकमेकींना आजचं हवामान सांगतात. ते काल होतं तेच असतं. मग हसून सगळ्या आपापल्या गाडीत बसतात. याला तिथे सामाजिक जीवन म्हणतात.

तर तो मंगळवार. सकाळी मी ‘परदेशातून आईवडिलांची काळजी: सात सोपे उपाय’ हा लेख लिहायला घेतला होता. चौथ्या उपायापर्यंत आले होते: ‘बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे आणि आजूबाजूला बारकाईने पाहा.’ तेवढ्यात आईच्या आठवड्याच्या फोनची वेळ झाली. घरात दोरीवर न वाळणारे कपडे होते आणि हर्षाली पांघरुणात तोंड खुपसून ‘शाळेत जाणार नाही’ म्हणत होती, म्हणून मी खाली जाऊन आमच्या इमारतीच्या पोहायच्या तलावाशी बसले. माझ्या मागे निळं पाणी दिसलं की आईला बरं वाटायचं. (त्या पाण्यात मी एकदाही उतरलेले नाही. ते फोनसाठी आहे.)

आईच्या मागे हिरवा पडदा होता.

“पडदा नवा दिसतोय,” मी म्हणाले.

“व्हय. पिंट्यानं आनला.”

पिंटू माझा धाकटा भाऊ. त्याने घरासाठी स्वतःहून काही आणल्याची ही पहिलीच नोंद होती.

“छान आहे रंग. बघूनच गार वाटतं.”

“गारच हाय. एसी लावलाय न्हवं.”

“आपल्या घरी? एसी?”

“पिंट्यानंच.”

मागे काहीतरी ठरावीक अंतराने टुक टुक वाजत होतं.

“काय वाजतंय गं?”

“कुकर.”

“ही कसली शिट्टी?”

“नवा हाय त्यो. तुझ्यावानी शुद्ध बोलतो.”

एका बाजूने पांढऱ्या बाहीचा हात आला, त्याने आईचं मनगट धरलं आणि त्यावर काहीतरी दाबून बसवलं. आईने ओठ घट्ट मिटले.

“कोण आहे?”

“कासारीन. बांगड्या भरती,” आई म्हणाली, आणि लगेच तिने नेहमीचा प्रश्न विचारला. “तुझं कसं हाय? करमतं न्हवं तितं?”

“हो गं. मजेत.”

“पवायला उतरती का?”

“रोज.”

“आन् हर्षी?”

“शाळेत गेलीय. मैत्रिणींत रमलीय आता.”

“मंग मी निवांत,” आई म्हणाली, आणि फोन पिंटूने बंद केला.

मी वर येऊन चौथा उपाय पुरा केला. लेख ठरल्या वेळेत गेला. त्यात शेवटी एक आठवा उपाय मी आपल्या पदरचा घातला होता, की ज्येष्ठांच्या खोलीत शांत, हिरव्या रंगाचे पडदे लावावेत. संपादकांनी कळवलं की वाचकांना तोच सर्वात जास्त भावला.

या व्यवस्थेची स्वतःची परिभाषा आहे, आणि नवशिक्यांनी ती शिकून घ्यावी. ‘कणकण आहे’ म्हणजे सलाईन लागलं आहे. ‘चेकअपला नेलंय’ म्हणजे अतिदक्षता विभाग. ‘फोन चार्जिंगला होता’ म्हणजे ऑपरेशन झालं. परदेशातल्या बाजूलाही काही शब्द नेमून दिलेले आहेत: ‘नेटवर्क नव्हतं’ म्हणजे रडणं चालू होतं, आणि ‘सर्दी झालीय’ म्हणजे ते नुकतंच थांबलं आहे. बुधवारी पिंटूचा फोन आला. “ताई, आई जरा सिरियस हाय. निघ तू.” परिभाषेत ‘जरा सिरियस’ हा शब्द जिवंत माणसासाठी वापरत नाहीत. मी बॅगेत पांढरा ड्रेस भरला.

हर्षालीला तिच्या बाबांजवळ ठेवून, दोन विमानं बदलून मी मोशीला पोचले, तोवर सगळं उरकलं होतं.

“तुला त्रास नको म्हनून सांगितलं न्हाई,” पिंटू म्हणाला. “पाच दिस ॲडमिट व्हती. शपथ घातली व्हती तिनं. म्हनली, ती तितं सुकात हाय, उगं तिच्या सुकात माती कालवू नका.”

“आणि पडदा?”

“दवाखान्याचा. तू चांगला म्हनली तर आई लई हसली. नर्सबाईला म्हनली, माज्या पोरीला तुमचा पडदा आवडला.”

दहाव्या दिवशी इंद्रायणीच्या घाटावर दशक्रिया झाली. आमच्या भागात दशक्रिया हा लोकशाहीचा पाया आहे. जिवंतपणी जिला पालिकेच्या कचेरीत कोणी खुर्ची दिली नाही, तिच्या फोटोचा या दिवशी बैलगाडीएवढा फ्लेक्स लागतो. आईच्या फोटोखाली शोकाकुलांची नावं होती, आणि त्यांत सर्वात मोठ्या अक्षरांत दिग्विजयभाऊ, भावी नगरसेवक. (भावी हे पद त्यांनी दोन निवडणुका निष्ठेने सांभाळलं आहे.) प्रवचन झालं. मग मान्यवरांनी श्रद्धांजली वाहिली. दिग्विजयभाऊंनी माइक हातात घेऊन सांगितलं, की कैलासवासी सोपानरावांच्या मातोश्री गेल्याने समाजाची भरून न येणारी हानी झाली आहे. सोपानराव माझे वडील. ते शालनबाईंचे पती असून पहिल्या रांगेत बसले होते. आपलं नाव ऐकून त्यांनी हात जोडले.

मग पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट पाहू लागले.

गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली असेल, तर कावळा पिंडाला शिवत नाही. अशा वेळी नातलगांनी पुढे होऊन, मोठ्याने, सर्वांदेखत, ती इच्छा पुरी करण्याचं वचन द्यायचं असतं. जगात वचनांच्या अनेक सभा भरतात, पण ऐकणाऱ्याला न पटल्यास उडून जाण्याची सोय फक्त हिच्यात आहे.

कावळा समोरच्या बाभळीवर होता. पिंटू पुढे झाला. “आई, रस्त्याकडंची जमीन इकनार न्हाई.” कावळ्याने मान वळवून पुलाकडे पाहिलं. (तिथे ‘प्लॉट विकणे आहे’चा फलक होता. खाली पिंटूचा नंबर होता.) वडील म्हणाले, “शालन, गोळ्या येळेवर घेईन.” कावळ्याने पंखात चोच घातली. दिग्विजयभाऊंनी घाटावर पत्र्याची शेड बांधून देण्याचं जाहीर केलं, तेव्हा तो उठून पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

उन्हं चढली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसला की गवताचा चालतो; नियमात तशी सोय आहे. मागे जेवणाच्या पातेल्यांची झाकणं वाजू लागली होती.

“ठिवा त्यो दर्भ,” सोजराबाई आत्या म्हणाल्या. “पोरीत जीव आडाकलाय तिचा. स्नेहल, फुडं हो. सांग आईला, सुकात हाय म्हनून.”

“आत्या…”

“अगं सांग की! मानसं उपाशी खोळांबल्यात.”

मी पुढे झाले. पिंडापुढे हात जोडले. सगळे ऐकत होते. माइक चालूच होता.

“आई,” मी म्हणाले, “माझं तिथे सगळं ठीक आहे. मला करमतं. तू काळजी करू नकोस.”

वाक्य संपतंय न संपतंय तोच कावळा खाली उतरला. त्याने पिंडाला चोच लावली, एक घास घेतला आणि गेला. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. पिंटूने डोळे पुसले. आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “बगा! म्हनलं न्हवतं?” शेडच्या घोषणेचा परिणाम व्हायला थोडा वेळ लागला, असं दिग्विजयभाऊंनी शेजारच्यांना समजावून सांगितलं.

तुम्हालाही वाचताना हायसं वाटलं असेल. सुटली बिचारी, असं मनात आलं असेल. ही सगळी व्यवस्था त्याच हायसं वाटण्यावर उभी आहे, आणि तिला सभासद कधी कमी पडलेले नाहीत. हे वाचून झालं की तुम्ही घरी फोन लावाल. मागे काय दिसतंय ते या वेळी नीट निरखून पाहाल. आणि छान आहे म्हणाल.

लोक जेवायला गेले. मांडववाले कनाती सोडू लागले. माइक त्यांनी आधीच उतरवून नेला होता. मी शेवटच्या पायरीवर बसले. समोर इंद्रायणी होती, पाण्यावर पांढरा फेस होता, आणि निळं कुठेच काही नव्हतं. हर्षालीचा फोन येऊन गेला होता. मी उचलला नव्हता. बाभळीवर आता कोणी नव्हतं. जे काही व्हायचं ते विधिवत पार पडलं होतं, आणि यापुढे मी काही बोलले तरी त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

“आई,” मी मोठ्याने म्हणाले, “मला तितं करमत न्हाई गं. कदीच करमलं न्हाई. तुला कुटं दुकत व्हतं?”