चांगुणा पाळणाघर, प्रवेश सुरू

चांगुणाबाई नातवाला फुकट सांभाळत होत्या, हीच मुळात अडचण होती.

ज्यांची मुलं पाळणाघरात आहेत त्यांना दर महिन्याला मदत द्यायची, असं त्यांच्या सुनेच्या, मनालीच्या कंपनीने जाहीर केलं. नेमका त्याच आठवड्यात दीड वर्षाचा शौनक चालायचं सोडून पळायला लागला. शौनक पुढे, चांगुणाबाई त्याच्यामागे आणि त्यांचे गुडघे सगळ्यांच्या मागे. मदत मिळाली तर शौनकमागे पळायला एखादी बाई ठेवता येईल आणि आईला जरा पाय पसरून बसता येईल, एवढीच आकाशची इच्छा होती. पण पाळणाघर नाही म्हणजे खर्च नाही, आणि खर्च नाही तर मदत कशाची?

“मग आईच पाळणाघर काढतील,” मनाली म्हणाली. “नाव पाहिजे, बोर्ड पाहिजे आणि बोर्डाखाली संचालिकेचा फोटो पाहिजे. ऑफिसातल्या जिज्ञासा मॅडमनी सांगितलंय.”

आकाशने स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या संचालिकेकडे पाहिलं.

आकाश उल्हासनगरात, कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होता. कारखान्याच्या खालीच बोर्डवाल्या सिंधी शेठचं दुकान. कॅम्प तीनमध्ये सकाळी सांगितलेली वस्तू संध्याकाळी मिळते आणि सांगितली त्यापेक्षा जरा जास्तच मिळते. बोर्ड झकास झाला होता. वर गोरंपान, निळ्या डोळ्यांचं बाळ, मध्ये ‘चांगुणा पाळणाघर’ आणि खाली आकाशने न सांगितलेले दोन शब्द: ‘प्रवेश सुरू’.

“हे कशाला टाकलं, शेठ?”

“अरे साईं, नीचे जागा खाली जात होती. खाली बोर्ड म्हणजे खाली दुकान. त्याचे पैसे नाही लावले.”

पैसे नाही लावले म्हटल्यावर आकाशची हरकत संपली.

रविवारी त्याने मोरिवलीतल्या आपल्या तळमजल्याच्या दारावर बोर्ड लावला. फक्त फोटोपुरता. चांगुणाबाई चांगली साडी नेसायला आत गेल्या आणि त्या बाहेर येईपर्यंत वरच्या मजल्यावरची भागीरथी काखेत पोरगी आणि हातात डबा घेऊन दारात हजर झाली होती.

“मावशी, आजच ठेवू का? मला जरा बाजारात जायचंय.”

“वहिनी, हा बोर्ड तसा खरा नाहीये,” आकाश म्हणाला.

“म्हणजे खोटाय?”

फोटो काढायला मोबाईल सरसावून उभ्या असलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड होतं. चांगुणाबाईंनी बोर्ड वाचला. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून गेली होती. भिंतीवर लिहायचं एक आणि करायचं दुसरं, हे त्यांना झेपण्यातलं नव्हतं.

“प्रवेश सुरू लिहिलंय ना? मग दे पोरगी,” त्या म्हणाल्या. “आणि आकाश, फोटो नंतर काढ. आधी चपला बाहेर काढ.”

आठवडाभरात घर पोरांनी भरलं. कंपनी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बहुतेक पोरं मनालीच्याच कंपनीतली. चांगुणाबाईंनी फी एवढी माफक ठेवली की ती दुधात आणि खाऊतच संपायची. ताटावर लाटणं मारून त्यांनी घंटा सुरू केली. दुधाची घंटा, झोपेची घंटा, सुटायची घंटा. पालकांनी आत रेंगाळू नये असा नियम झाला आणि मनालीचा संध्याकाळचा चहा दारातच यायला लागला. शौनकला दुधाच्या रांगेत शेवटी उभं केलं जाई, कारण “आपलाच म्हणून पुढे घेतला, असं कुणी बोलायला नको.”

गुडघ्यांचं म्हणाल, तर ते आता एका शौनकऐवजी अख्ख्या शाळेमागे पळत होते. शेवटी मागच्या गल्लीतली काशी मदतीला ठेवली. तिचा पगार कंपनीच्या मदतीतून द्यायचा असं ठरलं.

मग जिज्ञासा मॅडम स्वतः पाळणाघर पाहायला आल्या. चपला बाहेर काढून आल्या, घंटा झाल्यावर बसल्या. त्यांना सगळंच आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीतल्या सगळ्या पालकांची मदत मंजूर केली. एकीची सोडून.

“मनाली, तुमचं नाही होणार.”

“का? आता तर उत्तम आहे म्हणालात.”

“उत्तमच आहे. पण त्या तुमच्या सासूबाई. आजी ही सेवा नसते, नातं असतं.”

“आणि बाकीच्या मुलांचं?”

“त्यांच्या त्या आजी नाहीत ना.”

मनालीने मुलांकडे पाहिलं. ती सगळी चांगुणाबाईंना आजीच म्हणत होती.

थोडक्यात, ज्याच्यासाठी पाळणाघर काढलं तो शौनक सोडून सगळ्यांना मदत मिळाली. काशीला काय सांगायचं, याचा घरात विचार चालू असताना समोरच्या गोदूबाई आल्या. मोरिवलीच्या मूळच्या रहिवासी. त्यांची सून प्रीती मनालीच्याच कंपनीत पॅकिंगला होती आणि नातू सुयोग दिवसभर गोदूबाईंच्या पाठीवर असायचा.

“मना सगला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “आमचे प्रीतीला पन नायच बोलले. मी काय बोलते, तुमचा मना द्या नि माजा तुमी घ्या.”

“काय?” आकाशने विचारलं.

“नातू, दुसरा काय. मी तुमच्याची आजी नाय, नि चांगुणाबाई माज्याची नाय. झाला.”

आकाशने यात चूक शोधून पाहिली. सापडली नाही. मनालीने दुसऱ्या दिवशी हे जसंच्या तसं जिज्ञासा मॅडमना सांगितलं. त्यांनी नियम उलटसुलट वाचले. त्यांनाही सापडली नाही. फक्त गोदूबाईंकडे बोर्ड पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

शेठने दुसरा बोर्ड स्वस्तात दिला. ‘गोदूबाई पाळणाघर’ असं लिहिल्यावर याही बोर्डावर खाली जागा उरली होती. तिथे त्यांनी ‘आमची कुठेही शाखा नाही’ टाकलं. “पुना में ये बहुत चलता है,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी घंटा झाली आणि गल्लीच्या मधोमध दोन नातवांची अदलाबदल झाली. शौनक गोदूबाईंच्या ओट्यावरून आपल्या दाराकडे हात करून रडायला लागला, सुयोग या दारातून त्या ओट्याकडे. गल्ली चिंचोळी, त्यामुळे दोघांचं रडणं मध्येच एकमेकांना भेटत होतं.

“आई, जरा बघ तरी त्याच्याकडे,” कामावर निघालेला आकाश म्हणाला.

“तो दुसऱ्या संस्थेत आहे,” म्हणत चांगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “दुधाची वाफ गेली रे डोळ्यात.”

दूध फ्रीजमध्ये होतं.

त्या दिवशी आकाशने कारखान्यात एका जीन्सचे दोन्ही पाय उजवे कापले. पुढचे दिवसही काही बरे गेले नाहीत. आईचे गुडघे वाचवायला निघालो आणि तिच्या मांडीवरचं पोरच उचलून समोर नेऊन ठेवलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. गुरुवारी त्याने दुपारीच सुट्टी टाकली. शेअर रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं, मदत गेली खड्ड्यात, काशीचं बघू काहीतरी, पण पोरगं आजीच्या हवाली करायचं.

घरी पोचला तर चांगुणा पाळणाघरात चिटपाखरू नव्हतं.

दोन्ही पाळणाघरं गोदूबाईंच्या ओट्यावर होती. काशी अंगणात पोरांच्या मागे पळत होती. गोदूबाई पाठीवर सुयोगला घेऊन वाल सोलत होत्या. आणि भिंतीला टेकून, दोन्ही पाय लांबसडक पसरून चांगुणाबाई बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर शौनक गाढ झोपला होता.

“आई, तू इकडे कशी?”

“आमच्या संस्थेची सहल आलीय.”

“आज?”

“मंगळवारपासून.”

आकाशने सुस्कारा टाकला. रिक्षात ठरवलेलं सगळं बोलायची आता गरजच उरली नव्हती. “बरं, दे त्याला,” तो म्हणाला. “आलोच आहे तर घरी नेऊन झोपवतो.”

चांगुणाबाईंनी पाय हलवला नाही.

“माझ्याकडे काय मागतोस? मी त्याची कोण? गोदूबाई, तुमच्या पोराचे पालक आलेत बघा.”

गोदूबाईंनी वालाचं टोपलं बाजूला सारलं आणि रोज समोर दिसणाऱ्या आकाशला पहिल्यांदाच पाहावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सुटायची येल नाय झाली अजून,” त्या म्हणाल्या. “घंटा झाली की न्या. नि चपला खाली काडा.”

आकाशने चपला काढल्या आणि घंटेची वाट बघत ओट्याच्या पायरीवर बसला. ताट आणि लाटणं चांगुणाबाईंच्या हाताशीच होतं. त्यांना मुळीच घाई दिसत नव्हती.