अकरा खणांचं कव्हर

रिटायर होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळचा तिसरा चहा पिता पिता मी ठरवलं, की बायकोच्या शिवणाच्या मशीनला आपल्या हातानं गोधडीचं कव्हर शिवायचं. एवढाच माझा गुन्हा. कापूस आणि कापड, त्यात बिघडायचं काय, असं मला वाटलं. (छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं.)

कव्हराचं मला पहिल्यापासून वेड. आमच्याकडे रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेबलफॅनला थंडीत एक आणि उन्हाळ्यात दुसरं. टीव्ही यायच्या आधी त्याचं कव्हर आलं होतं. कचेरीतही मी रोज पाच वाजता टाइपरायटरवर रेक्झिनची टोपी स्वतः चढवून मगच उठायचो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं (वेळेशी माझा संबंध संपला त्याच दिवशी), आणि मी खुर्चीतून उठतोय न उठतोय तोच चपराशानं टाइपरायटर झाकून टाकला. टाइपरायटर झाकला गेला आणि मी उघडाच घरी आलो.

घरी आल्यावर माझ्या नजरेला पहिल्यांदा आलं, की मशीनला कव्हर नाही. पायानं चालवायचं मशीन, अनुसूयेच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. लग्नानंतर वर्षभरात तिनं विचारलं होतं, "अहो, शेजारच्या दोघीतिघी म्हणतात, ब्लाऊज शिवून द्या. शिवू का?"

मी म्हणालो होतो, "आमचे पूर्वज झाशीत दप्तरं सांभाळायला आले होते. त्यांच्या घरची सून लोकांची झंपरं शिवणार?" (पूर्वजांनी सांभाळलेल्या दप्तराचा एक कागद आमच्याकडे नाही. तोरा तेवढा आहे.)

"बरं," ती म्हणाली.

बायको वाद न घालता 'बरं' म्हणाली, की पुरुषानं सावध व्हायला हवं. मला हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी समजत होतो, की मशीन महिन्यातून एकदा उशीच्या अभ्र्यापुरतं चालतं.

रिटायर झाल्यापासून ती मला सारखी बाहेर पिटाळत होती. "जरा फिरून या. नीलकंठरावांकडे जा. लायब्ररीत बसा की दुपारचे." मला भरून यायचं. माझ्या तब्येतीची केवढी काळजी! आणि मी जास्तच घरात बसायचो. दुपारभर ती माझ्याकडे बघायची, मशीनकडे बघायची आणि तांदूळ निवडायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

त्यात एरचला तिच्या भाचीच्या मुलाचं बारसं निघालं. दोन दिवस जायचं. निघताना दारात थांबून म्हणाली, "दूध तापवा, गॅस बंद करा. आणि हो, हिरव्या ट्रंकेला हात लावू नका, झुरळाची पावडर टाकलीय आत."

ती बसमध्ये बसली नसेल तोच मी ट्रंक उघडली. पावडर नव्हती. विसरली असेल, म्हटलं.

ट्रंकेत नीट घड्या घातलेले अकरा खण होते. लाल बनारसी, मोरपंखी, जरीच्या बुट्ट्यांचा जांभळा. प्रत्येकाला टाचणीनं एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडे: चौतीस, चौदा, आणि शेवटी कुठे साडेसहा, कुठे नऊ, कुठे अकरा. माझ्या लगेच लक्षात आलं. ओटीचे खण!

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झाशीत आम्ही मराठी घरं मूठभर. हळदीकुंकू आलं की एकीनं दुसरीची ओटी भरायची, खण द्यायचा. तो खण कुणी शिवत नाही. तो पुढच्या ओटीत तिसरीकडे जातो. आमच्याकडून एक हिरवा खण, घासलेटाचा डाग असलेला, एकाहत्तर साली नगरा मोहल्ल्यातल्या कमळाताईंकडे गेला होता. तो सहा घरं फिरून एकोणऐंशीत डागासकट परत आला. तेव्हा खण म्हणजे कधीच न शिवायचं कापड, असा माझा पक्का समज. आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे म्हणजे आवक-जावक नंबर, दुसरं काय? बायकोनं कचेरीसारखं रजिस्टर ठेवलंय हे बघून मला तिचा अभिमान वाटला. मी सगळ्या चिठ्ठ्या काढून दोऱ्यात ओवल्या, शेवटचा आकडा लहान ती आधी, मोठा ती नंतर, आणि खिळ्याला अडकवून ठेवल्या.

मग कात्री घेतली. हा हा म्हणता अकरा खणांचे सहा-सहा इंचांचे चौकोन पाडले. खाली जुनं धोतर, मध्ये उशीतला कापूस, वर चौकोन. दिसायला असं देखणं दिसत होतं, की मी स्वतःलाच म्हणालो, मार्तंडराव, तुमचा जन्म फायलींत वाया गेला.

मशीनला तसं वाटलं नसावं. पायडल मारलं की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. दोरा तुटला नाही तर खालून त्याचं घरटं व्हायचं. दोन सुया मोडल्या. एक बाजू मात्र झकास शिवली गेली, इतकी की मी आनंदानं उठायला गेलो आणि उठताच येईना. लेंग्याची नाडी टिपेखाली गेली होती. दार उघडं, समोरच्या गच्चीवर बायका मिरच्या वाळवतायत, आणि मी मशीनला बांधलेला! शेवटी लेंगा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नाडी कापली. तिचा तुकडा कव्हरातच राहिला, दोन्ही बाजूंना वीत-वीतभर लोंबत. तो उसवायला गेलो असतो तर सगळं कव्हर उसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कव्हर मशीनच्या डोक्यावर चढलं. उजवीकडे चाकासाठी फुगीर जागासुद्धा सोडली होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि नुसता बघत राहिलो.

तेवढ्यात दारात लक्ष्मी गेटच्या पार्वतीजी. अंगापिंडानं थोराड, हातात मिठाईचा डबा. आमची ओळख नमस्कारापुरती.

"भैयाजी, भाभीजी हैं?"

"एरच गई हैं, शाम तक आएँगी. कुछ काम था?"

"हमाई बिन्नू के ब्लाउज लेने थे. नौ दिन में ब्याव है." (बिन्नू त्यांची मुलगी. बुंदेलीत ब्याव म्हणजे लग्न.)

"कौनसे ब्लाउज?"

"ग्यारह दिए थे न सीने को."

"आपने किसी और को दिए होंगे," मी हसून म्हणालो. "हमारे यहाँ सिलाई का काम नहीं होता."

"लो, सोलह साल से तो भाभीजी ही सी रही हैं!" पार्वतीजीही हसल्या. "आप दस से पाँच दफ्तर में रहते थे, आपको क्या पता." आणि मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. हसू जिथल्या तिथे थांबलं. "जो का है भैयाजी? जो तो... जो तो हमाई बिन्नू को लाल बनारसी है!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्या एकेका चौकोनावर बोट ठेवून रडत होत्या. हा तिलकाचा, हा फेऱ्यांचा, हा सासूच्या पसंतीचा. मी दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे धरून म्हणत होतो, "नंबर सब सुरक्षित हैं." ती मापं होती. छाती, लांबी, बाही.

याच वेळी अनुसूया आली. हातात पिशवी, पिशवीत बारशाच्या घुगऱ्या. तिनं पार्वतीजींकडे पाहिलं, कव्हराकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडी फुटतील. फुटली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि टिपेवरून बोट फिरवत म्हणाली, "कव्हर कशाला केलंत?"

"धूळ बसू नये म्हणून."

"बत्तीस वर्षांत कधी बसली होती?"

मी विचार केला. खरंच, नव्हती. महिन्यातून एकदा चालणाऱ्या मशीनवर धूळ का नाही, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"रोज पाच वाजता मी चिंध्या गोळा करायचे, फरशी पुसायचे," ती म्हणाली. "तुमची पावलं जिन्यात वाजली की दोरा तोडायचा. अर्धी बाही तशीच ट्रंकेत. सोळा वर्षं मी माझ्याच घरात चोरासारखी राहिले. कशासाठी, तर तुमच्या पूर्वजांना वाईट वाटू नये म्हणून! आणि आता हे काम सुरळीत चाललंय, माझ्या हाताला नाव आहे गावात, तर तुम्ही चोवीस तास घरात. अहो, मला तुमच्या रिटायर होण्याची भीती वाटायची."

इथे तोंड बंद ठेवणं शहाणपणाचं होतं. तरी बोललो. सवय! "ओटीचे खण देऊन टाकू या का त्यांना? कुठे असतात ते?"

"कपाटात, खालच्या कप्प्यात. एकालाही हात लागलेला नाही," ती म्हणाली. "घासलेटाचा हिरवा देऊ का फेऱ्यांना?"

दुसऱ्याच सकाळी ठेला आला. पार्वतीजींच्या घराखालची खोली रिकामी होती. मशीन ठेल्यावर चढलं. अकरा नवी कापडं अनुसूयेनं तिच्या पैशानं आणली. तिच्याकडे तिचे पैसे होते, हेही मला तेव्हाच कळलं. नऊ दिवसांत अकरा ब्लाऊज झाले, बिन्नूचं लग्न झालं, मशीन मात्र परत आलं नाही. त्याच्यामागून लक्ष्मी गेटच्या आणखी चार लग्नांचं कापड आलं.

ठेला निघताना मी कव्हर घेऊन धावलो होतो. "अगं, हे राहिलं!"

"राहू द्या घरीच," ती म्हणाली. "चालत्या मशीनला लागत नाही ते."

आता ती रोज दहाला निघते आणि पाचला येते. डबा मी करतो. ('मीठ कमी' असा शेरा संध्याकाळी तोंडी मिळतो.) घरात मी आणि साहेबांचं घड्याळ. झाशीची थंडी हाडात शिरणारी. एक दिवस कान फारच गारठले म्हणून मी सहज ते कव्हर डोक्यावर घेतलं. काय सांगू, मापात बसलं! पुढची बाजू दुमडली की तोंड मोकळं राहतं, चाकाच्या फुगीर जागेत उजवा कान ऐसपैस मावतो, आणि लेंग्याची नाडी हनुवटीखाली बांधता येते. तेव्हापासून रोज दुपारी घालतो.

पाच वाजता जिन्यात तिची पावलं वाजली, की घाईघाईनं नाडी सोडतो, घडी करतो, हिरव्या ट्रंकेत कोंबतो आणि पेपर उघडून बसतो. पाचव्याच दिवशी तिनं चप्पल काढता काढता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "टकलाला कापूस चिकटलाय. पुसा."

तिनं सोळा वर्षं निभावलं. मला एक आठवडाही जमलं नाही.