शेवलीकरांचा सातवा मुद्दा

बदनापूरच्या एका कार्यालयात मुख्य लिपिक असलेले श्री. गजानन शेवलीकर यांनी दिनांक बारा रोजी, दुपारच्या डब्यानंतर, 'मागच्या जन्मी तुम्ही कोणत्या गडाचे किल्लेदार होता?' या प्रश्नाखालचे 'मला मान्य आहे' हे बटण दाबले. काय मान्य आहे, ते त्याखाली छत्तीस पानांत दिले होते. गजाननराव हे लोकांच्या अर्जातला चुकलेला स्वल्पविराम शोधून अर्ज परत पाठवणारे गृहस्थ. पण ती छत्तीस पाने त्यांनी वाचली नाहीत. ते देवगिरीचे किल्लेदार निघाले आणि ही बातमी त्यांनी लगेच चार ग्रुपांवर टाकली.

त्याच सुमारास त्यांचा मुलगा सुयश याचे लग्न मंठ्याच्या भुजंगरावांच्या कल्याणीशी जवळजवळ ठरले होते. कल्याणी सुयशला इतकी आवडली होती, की तो आईने न सांगताही रोज दाढी करू लागला होता. "आम्हाला काही नको. मुलगी अन् नारळ द्या," असे गजाननरावांनी भुजंगरावांच्या घरी चारचौघांत सांगितले, तेव्हा भुजंगरावांचे डोळे पाणावले. राहिली होती फक्त चौकशी.

चौकशी ही आपल्याकडची जुनी पद्धत. मुलीचा एखादा मामा येऊन पानटपरीवर, किराणा दुकानात आणि शेजाऱ्यांकडे चहा पीत मुलाच्या घरची माहिती काढायचा. त्यात तीन दिवस जात आणि शेजारी खोटे बोलत. भुजंगरावांनी काळाबरोबर जायचे ठरवले. जालन्यात चपलांच्या दुकानाच्या वर एक 'अधिकृत तृतीय पक्ष माहिती केंद्र' उघडले होते. किल्लेदारी वाटणारी कंपनी आपली माहिती तिथेच पाठवत असे. भुजंगरावांनी तिथून शेवलीकर कुटुंबाचा अहवाल मागवला. तो अर्ध्या तासात आला.

अहवालात सात मुद्दे होते. कुटुंबप्रमुख कार्यालयीन वेळेत रोज सरासरी तीन तास, विहिरीत पडलेल्या म्हशी क्रेनने वर काढण्याचे व्हिडिओ पाहतात, हा पहिला. दुसरा त्यांच्या घोरण्याविषयी होता. फोन उशाशी असतो. तिसऱ्या मुद्द्यानुसार सौ. शरयू शेवलीकर 'साधेपणातच सुख' हा सुविचार सर्वांना पाठवल्यावर चौथ्या मिनिटाला पैठण्या पाहतात. चौथ्यात त्यांनी फोनवर नणंदेच्या मेसेजांचा आवाज बंद करून ठेवल्याचे नमूद होते. मुलगा नियोजित वधूचा फोटो दिवसातून एकेचाळीस वेळा मोठा करून पाहतो, हा पाचवा. सहावा असा, की 'मुलगी अन् नारळ' हे वाक्य उच्चारल्यावर अकराव्या मिनिटाला, भुजंगरावांच्याच बैठकीत बसून, कुटुंबप्रमुखांनी 'सासऱ्याने जावयाला द्यायची चारचाकी, पांढरी' असा शोध घेतला.

सातवा मुद्दा इथे देणे योग्य नाही. शेवटी ती एका कुटुंबाची खाजगी बाब आहे.

अहवालाची प्रत गजाननरावांकडे पाठवून भुजंगरावांनी फोन केला; प्रतीखाली केंद्राचा पत्ता आणि 'स्रोत: किल्लेदार चाचणी' असे छापले होते. "सहाव्याचं काही न्हाई हो. बैठकीत बसलेले समदे तेच करून राह्यलेले असतात. पण सातवा? मी तुमच्याकडं आल्तो तवा चेहऱ्यावरून तसं वाटलं न्हाई. सध्या थांबू."

सुयशने जेवण सोडले. शरयूबाई म्हणाल्या, "तुमच्या किल्लेदारीपायी पोराचं लग्न मोडून राह्यलं! जा, निस्तरा."

गजाननराव तावातावाने माहिती केंद्रात गेले. टेबलामागे राजानंद बसला होता. हाच राजानंद तीस वर्षे कापडी पिशवीत बायोडाटे घेऊन बसस्टँडवर स्थळे सांगत असे.

"माझी खाजगी माहिती तुम्ही दिलीच कशी?"

"सहमतीनं दिली, साहेब. हे बघा, घरातल्या समद्यांच्या वतीनं तुम्हीच दाबलं."

"मंग ती सहमती मला परत घ्यायचीय. जल्दी."

"बिलकुल." राजानंदने कागद काढला. "सहमती मागे घेण्याचा अर्ज, नमुना नऊ. रक्तगट, आईचं माहेर, जुने आजार, शेजाऱ्यांशी वाद, दोन्ही डोळ्यांचे फोटो. अर्जदार तुम्हीच आहात का, हे तपासायला ही माहिती तृतीय पक्षाकडं जाईल."

"तृतीय पक्ष कोण?"

"मीच की."

अर्ज तीनदा परत आला. तिसऱ्यांदा स्वल्पविरामासाठी. एवढ्या संतापातही गजाननरावांना त्या व्यवस्थेविषयी आदर वाटला.

शेवटी राजानंदलाच दया आली. "साहेब, भुजंगरावबी मागच्या महिन्यात किल्लेदार निघाले. त्यांचा अहवाल देऊ का?"

"छे! दुसऱ्याच्या घरात डोकावणं आपल्या तत्त्वात बसत न्हाई."

"बराबर."

गजाननराव दारापर्यंत गेले आणि वळले. "त्यात सातवा मुद्दा असतो का?"

"असतोय. खर्चा काही न्हाई. फक्त तुमच्या फोनमधले समदे नंबर द्यायचे."

फोनमध्ये साहेब, साडू, बहीण, दूधवाला धरून बाराशे चाळीस माणसे होती. गजाननरावांनी घरी उपाशी बसलेल्या सुयशचा चेहरा आठवला आणि 'मला मान्य आहे' दाबले.

बाहेर जिन्यात येऊनच त्यांनी फोन लावला. "भुजंगराव, तुमचा अहवाल वाचला. सातव्या मुद्द्यापर्यंत."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग भुजंगराव म्हणाले, "व्याही, मुहूर्त कधीचा धरायचा?"

दोन्ही घरांना एकमेकांचा सातवा मुद्दा कळल्यावर लग्न मोडायची हिंमत कोणातच उरली नाही. छत्तीस गुण जुळूनही इतका भक्कम संबंध झाल्याचे ऐकिवात नाही. चारचाकीचा विषय पुन्हा निघाला नाही. मांडवात कल्याणीने हळूच विचारले, "एकेचाळीस वेळा?" सुयश म्हणाला, "बेचाळीस. एकदा नेट नव्हतं."

आता तुमच्याविषयी. एका परक्या कुटुंबाच्या अहवालातले सहा मुद्दे तुम्ही चवीने वाचलेत. 'हे वाचणे बरे नव्हे' म्हणून एकदाही थांबला नाहीत, आणि सातवा काय असेल याचा अंदाज तुमचा अजून चालूच आहे. हरकत नाही. हवा असल्यास राजानंदकडे सोय आहे. तुम्ही फक्त 'मला मान्य आहे' म्हणा. तुमचा नंबर शोधायची गरज नाही. तो गजाननरावांच्या फोनमधून आलेला आहेच.