झुरळवाल्याचा तळहात

“बघा वहिनी, काही होत नाही!” असं म्हणून झुरळवाला प्रत्येक घरात आधी स्वतःच्या तळहातावर औषध फवारायचा, क्रीम लावल्यासारखे दोन्ही हात चोळायचा, खोल वास घ्यायचा आणि मगच ओट्याखाली वाकायचा. ही त्याची जाहिरात. बाकीचे फवारणीवाले पत्रकं वाटत, हा तळहात दाखवी. धंदा जोरात होता. झुरळं मरत होती, वहिनी चहा ठेवत होत्या. त्याच्या स्वतःच्या घरात पाळणा तेवढा हलत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं, “काम काय करता?”

त्याने अभिमानाने सांगितलं. तळहातासकट.

बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. “अहो, काही कीटकनाशकांनी नर उंदरांचे शुक्राणू कमी होतात. उरतात ते धड पोहत नाहीत. सशांवरही प्रयोग झालेत.”

“पण मी उंदीर थोडाच आहे?”

“सस्तन आहात ना?”

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोच घाईघाईने म्हणाली, “आहेत, आहेत!”

“तुमचं त्यामुळेच झालंय असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अंगावर थेंब पडू द्यायचा नाही. हातमोजे, मास्क, सगळं घाला. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. मग पुन्हा तपासू.”

म्हणजे आशा होती! जिना उतरताना बायकोने आनंदाने त्याचा हात घट्ट धरला. मग काहीतरी आठवून सोडला आणि स्वतःचा हात पदराला खसाखसा पुसला.

दुसऱ्या दिवसापासून झुरळवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर दोन डबे लावलेला मास्क. आतून तो हसायचा, पण ते कुणाला दिसायचं नाही. वहिनी दार उघडत, किंचाळत आणि दार लावत. ज्या पुन्हा उघडत, त्या विचारत, “तुम्ही एवढं गुंडाळून घेताय, मग आमचं काय हो?” खरं कारण सांगायची सोय नव्हती. ही काय दारात उभं राहून सांगायची गोष्ट आहे? धंदा निम्म्यावर आला. बायको म्हणायची, “येऊ दे निम्म्यावर. तुम्ही टिकून राहा!”

तो टिकला. तपासणीच्या आदल्या दिवशी एका पाच मजली इमारतीचं अख्खं काम मिळालं. गेलेला धंदा एका फटक्यात परत! तो टेम्पोतून उतरला, पाठीवर टाकी चढवली, वर पाहून हात हलवला.

तिसरा मजला: अगंबाई, हे कोण?

दुसरा मजला: गॅस गळलाय वाटतं! अहो, उठा!

चौथा मजला: बंबवाल्यांना फोन लावा कुणीतरी!

पाचवा मजला: लिफ्ट सोडा ना, आमच्या सासूबाई आहेत!

पहिला मजला: (शब्द नाहीत. नुसत्या सपातांचा आवाज.)

सगळी इमारत अंगणात आली. तो हातवारे करून ‘काही नाही, काही नाही’ सांगत होता. मास्कमधून बाहेर फक्त घुमघुम येत होती आणि त्या हातवाऱ्यांचा अर्थ लोकांनी ‘पळा’ असा लावला. तेवढ्यात बंब आला. जवानांनी त्याचा मास्क पाहिला आणि धडाधड आपले मास्क चढवले. ते पाहून पाचव्या मजल्याच्या सासूबाई, ज्यांना आत्तापर्यंत दोघांनी धरलं होतं, त्या दोघांच्या पुढे धावत सुटल्या.

अखेर सोसायटीच्या चेअरमननी, तीन नातवंडांच्या आजोबांनी, त्याला ओळखलं, ते पाठीवरच्या टाकीवरून.

“झुरळवाले! हे काय सोंग?”

“औषधच आहे साहेब, नेहमीचं!” तो मास्कची कड जराशी उचलून म्हणाला.

“नेहमीचं ना? मग नेहमीसारखं तळहातावर मारून दाखवा. सगळ्यांसमोर. नाहीतर काम दुसऱ्याला देतो!”

झुरळवाल्याने एक हातमोजा अर्धा काढला. एकच फवारा. काम हातात, लोक खूश. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र कुठेतरी आत, नुकतीच पोहायला शिकलेली, इवलीशी मंडळी आली. त्याने हातमोजा परत चढवला आणि मास्क वर केला.

“नाही मारणार! मला बाप व्हायचंय!”

शब्द पाचव्या मजल्यावर आपटून परत आले. मग त्याने सगळंच ओकून टाकलं. उंदीर, ससे, पोहणं, सस्तन.

अंगणातले सगळे पुरुष एक पाऊल मागे सरले. जवानही.

“अहो, आमचे हे रोज कुंड्यांवर औषध मारतात,” गर्दीतून एक वहिनी म्हणाल्या. “उघड्या अंगाने!”

“तू गप गं!”

“आणि ते... डासांचं मशीन?” कुणीतरी हळूच विचारलं.

चेअरमननी घसा खाकरला. “फवारणी रद्द.” झुरळवाल्याचा चेहरा पडला. “आधी फटी बुजवा, गळके नळ दुरुस्त करा, कोपऱ्यात झुरळं मारायच्या जेलचे ठिपके लावा. काम तुम्हीच करायचं. सावकाश. आणि हे सोंग घालूनच!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लॅबमध्ये नमुना दिला आणि दुपारी रिपोर्ट घ्यायला गेला. बाहेर रांग होती. सगळ्यांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र.

“शुगर तपासायला आलोय,” कुणी विचारलं नसताना दुसरा मजला म्हणाला.

“माझीही शुगरच,” कुंड्यांवर फवारणारा म्हणाला.

“मी नुसता सोबत आलोय,” चौथा मजला म्हणाला. कुणासोबत, ते सांगेना.

झुरळवाल्याने पाकीट फोडलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि फोन लावला. “अगं, वाढले! भरपूर वाढले! आणि पोहतायत!”

फोनमधून बायकोची किंकाळी आली, रांगेतली वर्तमानपत्रं खाली पडली, टाळ्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी त्याला उचललंच.

एवढ्यात नमुन्याच्या खोलीच्या बंद दारामागून, तीन नातवंडांच्या आजोबांचा, भर सभेतला खणखणीत आवाज आला:

“शांतता! शांतता! आत कामकाज चालू आहे!”